‘आम्ही’ आणि ‘आपण’ : सभेच्या भाषेविषयी थोडेसे

निवडणुकीच्या दिवसांत आमच्या तालुक्याच्या गावी एकाच संध्याकाळी दोन सभा झाल्या. पहिली बाजारपेठेच्या चौकात, दुसरी आमच्या मोहल्ल्यात, मशिदीमागच्या पटांगणात. वक्ता एकच. आम्ही दोन्हीकडे हजर होतो. चौकात साहेब अस्सल मराठीत बोलले. उसाचा दर, कालव्याचे पाणी, एस.टी.च्या बंद झालेल्या फेऱ्या, पोरांच्या नोकऱ्या. बोलणे नेमके होते, मधूनमधून गावरान म्हणी होत्या आणि विरोधकाची टिंगलही होती. तासाभराने ते मोहल्ल्यात आले तेव्हा खांद्यावर हिरवी शाल होती, डोक्यावर टोपी होती आणि तोंडी हिंदी होती. ‘अस्सलाम आलैकुम’ने सुरुवात झाली. एक शेर झाला. दुसरी ओळ आठवेना तेव्हा शेजारच्या कार्यकर्त्याने ती पुरवली. मग भाईचारा, मग गंगा-जमनी तहजीब आणि शेवटी कब्रस्तानाच्या भिंतीसाठी निधी. टाळ्या पडल्या.

परतताना आमच्या गल्लीतल्या खालाने विचारले, ‘का हो मास्तर, ह्या साहेबाला मराठी येत नाही काय?’

खाला आठवडी बाजारात चाळीस वर्षे बांगड्या विकत आली आहे. गावोगावच्या लेकीसुनांशी ती ज्या मराठीत बोलते, ती ऐकून आम्ही मराठी शिकवणारे मास्तर कधी कधी वहीत शब्द टिपून घेतो. तिने पहिली सभा ऐकली नव्हती. साहेबाला मराठी येत नसावे असे तिला प्रामाणिकपणे वाटले. आम्ही तिला सांगितले की, त्याला मराठी उत्तम येते. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘मग आपल्याला येत नाही असं वाटलं असंल त्याला.’

त्या एका वाक्यात खालाने जी समीक्षा केली, तिचाच विस्तार आम्ही ह्या लेखात करू पाहत आहोत.

भाषण हा आपल्याकडे वाङ्मयप्रकार म्हणून फारसा विचारात घेतला जात नाही. कथा, कविता, आत्मकथन यांच्यावर ग्रंथ होतात. भाषण मात्र बातमीत जाते आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत. वास्तविक पाहता मराठी माणसाने छापील पुस्तकापेक्षा भाषणे अधिक ऐकली आहेत. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची आहे. वाचता न येणारा माणूसही सभेला जातो, तासभर उभा राहतो, आणि घरी येऊन वक्त्याची नक्कल करून दाखवतो. ज्या वाङ्मयाने माणसे मत देतात, कधी एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि कधी गळ्यावर येतात, त्या वाङ्मयाची समीक्षा व्हायला नको काय?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सभेतले मन वळविण्याचे काम मुद्द्यांच्या आधी, संबोधनात आणि सर्वनामात उरकलेले असते. वक्ता कोणाला हाक मारतो आणि ‘आपण’ म्हणताना कोणाला धरतो, एवढे पाहिले तरी पुढच्या तासाभराच्या भाषणाचा ताळेबंद लागतो.

मराठीला ह्या बाबतीत एक देणगी मिळाली आहे. आपल्याकडे प्रथमपुरुषी अनेकवचन दोन आहेत. ‘आम्ही उद्या सोलापूरला जाणार’ असे कोणी म्हणाले तर ऐकणारा घरी राहतो. ‘आपण उद्या सोलापूरला जाऊ’ असे म्हटले तर ऐकणाऱ्याने पिशवी भरायला हरकत नाही. ‘आम्ही’मधून ऐकणारा वगळलेला असतो, ‘आपण’मध्ये तो धरलेला असतो. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा भेद आहे. हिंदी-उर्दूतल्या ‘हम’ला मात्र दोन्ही कामे एकट्याने करावी लागतात. मराठी वक्त्याला हा आडोसा नाही. तो बोलला की त्याने दार उघडे ठेवले की लावून घेतले, हे व्याकरणच सांगून टाकते.

आता ह्या कानाने कोणतीही सभा ऐकून पाहावी. ‘आम्ही पूल बांधला’, ‘आम्ही वीज आणली’. श्रेयाच्या वेळी ‘आम्ही’. ‘आपण थोडी कळ सोसली पाहिजे’, ‘आपण एकजूट दाखवली पाहिजे’. भार उचलण्याच्या वेळी ‘आपण’. आणि अपयश सांगायची पाळी आली की दोन्ही सर्वनामे गायब होतात. ‘कामे रखडली’, ‘काही चुका झाल्या’, ‘निधी परत गेला’. कामे कोणी रखडवली, चूक कोणाच्या हातून झाली, निधी काय पायांनी चालत गेला? वाक्यातून कर्ता असा अलगद उचलून घेणे ही राजकीय भाषेची सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत उपयोगी युक्ती आहे. सर्व पक्षांचा तिच्यावर सारखाच हक्क आहे.

म्हणूनच कर्ता सापडला की सभा चमकते. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी साताऱ्यात भर पावसात शरद पवारांनी केलेले भाषण महाराष्ट्राला आठवते ते भिजल्यामुळे. पण त्या भाषणातले महत्त्वाचे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने वेगळे होते. लोकसभेचा उमेदवार निवडताना आपल्या हातून चूक झाली, हे त्यांनी जाहीर कबूल केले आणि ती सुधारण्याची संधी सातारकर २१ तारखेच्या मतदानात घेतील, असे सांगितले. चूक माझी, दुरुस्ती तुमची. ऐकणाऱ्याला क्षणात न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवले. पोटनिवडणूक त्यांच्या पक्षाने जिंकली. ह्या कबुलीत डावपेच नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने पक्ष सोडला त्याला निवडल्याची चूक कबूल करणे हे त्यालाच टोचण्यासारखे होते. तरीही ‘चूक झाली’ याच्या आधी ‘माझ्याकडून’ हा शब्द ऐकायला लोक किती भुकेले आहेत, हे त्या संध्याकाळी कळले.

घोषणेचेही असेच. १९७१ च्या निवडणुकीत विरोधक ‘इंदिरा हटाओ’ म्हणत होते. त्यांना उत्तर म्हणून इंदिरा गांधींनी ‘गरिबी हटाओ’ म्हटले. क्रियापद शत्रूचे ठेवले आणि कर्म तेवढे बदलले. दोन शब्दांत प्रतिपक्षाला गरिबीच्या बाजूला उभे करून टाकले. पण इथेही कर्ता नाहीच. हटवायचे कोणी, केव्हा, कशाने, हे आज्ञार्थाच्या पोटात दडून राहिले. अरबी-उर्दूच्या अलंकारशास्त्रात पुन्हा पुन्हा तेच म्हणण्याला ‘तकरार’ म्हणतात. हाच शब्द मराठीत आला आणि ‘तक्रार’ झाला. ही गंमत आम्हांला मोठी अर्थपूर्ण वाटते. वक्ता जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, तीच काही वर्षांनी लोकांची तक्रार होऊन बसते.

आता संबोधनाकडे येऊ. महाराष्ट्रातले सर्वांत प्रसिद्ध संबोधन कोणते, असे विचारले तर विरोधकही एकच उत्तर देतील. शिवाजी पार्कावर ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला मेळावा झाला आणि पुढे दसरा मेळाव्याची परंपराच पडली. बाळासाहेब ठाकरे २०१२ साली गेले, पण ‘जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो’ ही त्यांची हाक आजही लोकांच्या कानांत आहे.

ह्या हाकेचे शब्द एकेक करून पाहू. ‘तमाम’ हा अरबी शब्द. ‘जमणे’ हे क्रियापद ‘जमा’ ह्या अरबी शब्दावरून आलेले. ज्या सभेला जमायचे ती ‘जाहीर’ सभा, तीही अरबीच. तिथे जो भाषण करतो तो ‘उमेदवार’, फारसी. निवडून आला तर ‘आमदार’ किंवा ‘खासदार’. त्यातले आम आणि खास अरबी, दार फारसी. त्याला जो निवडतो तो ‘मतदार’. त्यातले मत संस्कृत आणि दार फारसी, एकाच शब्दात शेजारी शेजारी. शब्दांवर आमची मालकी आहे, असे आम्हांला सुचवायचे नाही. शब्द ज्याच्या जिभेवर रुळतो त्याचा होतो. चारशे वर्षांत हे शब्द मराठी झाले, तसे आम्हीही झालो. दुःख वेगळेच आहे. त्या हाकेतल्या ‘तमाम’पाशी पोहोचेपर्यंत आम्ही आत होतो. पुढच्या एका शब्दावर आम्ही बाहेर पडलो.

त्या हाकेची ताकद नेमकी ह्यात आहे. भाषण सुरू होण्याआधीच श्रोत्याला दोन गोष्टी मिळतात : कोणाचे तरी असणे आणि कोणीतरी बाहेर असणे. ‘माझ्या’ ह्या शब्दात माया आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. घरातल्या वडीलधाऱ्याने हाक मारावी तशी ती हाक आहे. मग पुढे युक्तिवाद करावाच लागत नाही. नक्कल, टोपणनावे, कोपरखळ्या एवढ्यांवर भाषण चालते, कारण हसणारा माणूस हसता हसता मान्य करीत असतो.

इथे आम्हांला एक कबुली द्यायला हवी. आमच्या तरुणपणी अशी भाषणे लाउडस्पीकरवरून, पुढे कॅसेटवरून आमच्याही कानांवर पडली आणि आम्हीही हसलो आहोत. भाषाच अशी होती. शिवी कुठे थांबवावी, वाक्य कुठे तोडावे, किती वेळ गप्प राहावे, हे त्या वक्त्याला पक्के ठाऊक होते. आम्ही मराठीवर प्रेम करणारी माणसे. कान फसत होते. हसून झाल्यावर कळायचे की हसे आपलेच होत होते. मराठी मुसलमानाचे हे दुहेरी दुखणे आहे. भाषा आपली म्हणून विनोद कळतो, आणि विनोद कळतो म्हणून जखमही नीट कळते.

ह्या भाषेचा निवाडा करायला न्यायालयेही बसली. १९८७ च्या डिसेंबरात विलेपार्ले मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारात धर्माच्या नावाने मते मागितली ह्या कारणावरून १९८९ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुढे १९९९ साली ठाकऱ्यांवर मतदान करण्यास व निवडणूक लढविण्यास सहा वर्षांची बंदी आली. त्याच १९९५ च्या दिवशी दुसऱ्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने असेही म्हटले की, महाराष्ट्रात पहिले हिंदू राज्य स्थापन होईल हे मनोहर जोशींचे विधान म्हणजे मतांचे आवाहन नव्हे, ती एक आशा आहे. आवाहन कुठे संपते आणि आशा कुठे सुरू होते? सभेच्या मैदानात उभ्या असलेल्या माणसाला तो फरक ऐकू येतो काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारण्यासारखा आहे.

आणि शेवटी सगळे येऊन थांबले एका सर्वनामावर. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा. त्याच्या १२३ (३) ह्या कलमानुसार ‘त्याचा’ धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा ह्यांच्या आधारे मते मागणे हा भ्रष्टाचार ठरतो. ‘त्याचा’ म्हणजे कोणाचा? उमेदवाराचा की मतदाराचासुद्धा? मुंबईतल्याच सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेला हा वाद २ जानेवारी २०१७ रोजी सुटला. सात न्यायमूर्ती बसले आणि चार विरुद्ध तीन अशा मतांनी ठरले की ‘त्याचा’मध्ये मतदारही येतो. एका सर्वनामाचा अर्थ लावायला सत्तावीस वर्षे लागली. भाषेचा प्रश्न पंडितांपुरता असतो, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

त्या तीन न्यायमूर्तींचे वेगळे मतही आपण वाचले पाहिजे. त्यांना काळजी वाटली ती अशी : धर्म किंवा जात ह्यांमुळे ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांचे दुःख व्यासपीठावरून मांडणेही आता गुन्हा ठरणार काय? ही काळजी पोकळ नाही. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल संसदेपुढे आला. शाळेतली गळती, बँकेतून न मिळणारे कर्ज, नोकऱ्यांतली तूट, हे सारे त्यात आकड्यांनी मांडले आहे. हे आकडे सभेत सांगणे आणि मुसलमान म्हणून मते मागणे ह्यांतला फरक स्पष्ट ठेवायचा असेल, तर तो कायद्याच्या आधी भाषेत ठेवावा लागेल. दुःख सांगताना ‘आपण’ म्हणता येते. ‘आपल्या तालुक्यातली ही मुले शाळेबाहेर आहेत’ ह्या वाक्यात चौकातला माणूसही धरला जातो. ‘हमारी कौम के बच्चे’ म्हटले की तो आपोआप सुटतो.

एके काळी मराठी सभेचे ‘आपण’ बरेच ऐसपैस होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलाचा ‘शाहीर अमर शेख’ झाला होता. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर ह्यांच्याबरोबर त्याचा आवाज मैदाने भरून टाकीत असे. तो कोणत्या धर्माचा, हे विचारायला कोणाला सुचले नाही, कारण प्रश्न मराठीचा होता आणि तो मराठी होता. आचार्य अत्र्यांच्या अतिशयोक्तीत कोणतीही गोष्ट दहा हजार वर्षांत झालेली नसे, पण त्यांच्या सभेत मुसलमान श्रोत्याला अवघडून बसावे लागत नसे. त्या ‘आपण’लाही कुंपण होते, हे खरे आहे. मुंबईतला अमराठी माणूस त्याच्या बाहेर होता. ‘आपण’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचे एक कुंपण असतेच. प्रश्न ते कुठून घातले जाते हा आहे.

राज्य स्थापन होण्याच्या सुमारास ग. त्र्यं. माडखोलकरांनी यशवंतराव चव्हाणांना विचारले होते की, हे राज्य मराठी की मराठा? यशवंतरावांनी हे राज्य मराठी माणसांचे असेल, अशी ग्वाही दिली. काना की वेलांटी, एवढाच प्रश्न होता. पण त्या एका वेलांटीखाली महार, मुसलमान, आदिवासी, ख्रिस्ती असे सगळे उभे राहू शकत होते. राजकारणी माणसाची भाषा माणसे जोडू शकते ती अशी, एखाद्या वेलांटीने. ती वेलांटी पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत किती सांभाळली गेली, ह्याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या अनुभवाने मांडावा.

इथवर आम्ही बाहेरच्यांचा हिशेब घेतला. आता घरचा घेऊ. आमच्या जलशांतल्या तकरिरी ह्याहून वेगळ्या असतात काय? तिथेही पहिल्या पाच मिनिटांत ‘मिल्लत’ आणि ‘कौम’ येते, मग ‘ते’ येतात, मग ‘धोका’ येतो. दीन संकटात आहे, असे ऐकले की आमचाही कंठ दाटतो आणि प्रश्न विचारण्याची शुद्ध जाते. वक्फच्या जमिनीचे भाडे किती येते, मोहल्ल्यातल्या मुली दहावीनंतर कुठे जातात, हे विचारायचे राहून जाते. दर जुम्याला अरबी खुतबा अदबीने ऐकायची आम्हांला सवय आहे. बहुतेकांना त्याचा शब्दार्थ कळत नाही, पण ती इबादत आहे आणि तिची जागा मिंबरापाशी आहे. तीच सवय आम्ही पुढाऱ्याच्या सभेत घेऊन जातो, हे मात्र वाईट आहे. पुढारी म्हणजे खतीब नव्हे. त्याचे न कळलेले शब्द मान खाली घालून ऐकणे, हे आमचे कर्तव्य नाही.

आपल्या लोकांशी कसे बोलावे, ह्याचा एक नमुना आपल्यासमोर आहे. १९४७ च्या ऑक्टोबरात मौलाना आझाद दिल्लीच्या जामा मशिदीत बोलले. शहरात कत्तली होऊन गेल्या होत्या. लोक गाठोडी बांधून पाकिस्तानच्या वाटेवर होते. अशा जमावाला पुढारी काय सांगतो? तुमचा काही दोष नाही, सगळा दोष त्यांचा, असे सांगणे सर्वांत सोपे होते. आझादांनी तसे केले नाही. ‘अजीजों’ अशी हाक मारली आणि मग ‘मी’ आणि ‘तुम्ही’ असे दोनच पक्ष मांडले : मी हाक दिली तेव्हा तुम्ही माझी जीभ कापलीत, मी लेखणी उचलली तेव्हा तुम्ही माझे हात तोडलेत. उर्दूत लेखणीला ‘कलम’ म्हणतात आणि छाटण्याला ‘कलम करणे’. एकाच शब्दाने त्यांनी आपली अवस्था सांगितली. लोकप्रिय होऊ इच्छिणारा वक्ता ‘तुम्ही’ म्हणून बोट दाखवीत नाही. आझादांनी दाखवले, कारण त्यांना त्या दिवशी टाळ्या नको होत्या, माणसे थांबायला हवी होती.

त्या भाषणातली सर्वांत धाडसी गोष्ट आम्हांला वाटते ती अशी. लोक आपल्या पळून जाण्याला ‘हिजरत’ म्हणत होते. आझादांनी तो पवित्र शब्द त्या कृतीवरून उतरवून घेतला. हा पळ आहे, ह्याला हिजरतचे नाव देऊ नका, असे त्यांनी मशिदीतच सांगितले. राजकारणी भाषा साधारणपणे उलटे करते. साध्या, कधी लाजिरवाण्या गोष्टीला पवित्र शब्दाची शाल पांघरते. पदासाठीच्या पक्षांतराला ‘जनतेची सेवा’, मोडतोडीला ‘उत्स्फूर्त प्रतिक्रिया’. शाल पांघरणारे पुढारी सगळीकडे मिळतात. ती काढून घेऊन आपल्याच माणसांना आरसा दाखवणारा क्वचितच भेटतो. आणि आरसा दाखवून झाल्यावर तोच आझाद त्यांना सांगतो की, ही दिल्ली तुमच्या रक्ताने शिंपलेली आहे, इथे राहायला भिता कशाला? रागावून जवळ घेणे म्हणतात ते हेच.

आता पुन्हा मशिदीमागच्या पटांगणात येऊ. आमच्या गावचे साहेब म्हणतील, ‘मी तुमच्या भाषेत बोललो, ह्यात माझे काय चुकले?’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. अरबीतल्या बलागतच्या शास्त्रातसुद्धा चांगल्या बोलण्याची व्याख्या हीच आहे की ते ऐकणाऱ्याच्या परिस्थितीला साजेसे असावे. पण साहेबांचे हिंदी आमच्या परिस्थितीला साजेसे नव्हते; आमच्याविषयी त्यांच्या मनात असलेल्या चित्राला साजेसे होते. आमच्या घरात दख्खनी बोलली जाते. कोकणात गेलात तर घरातही कोकणी-मराठीच ऐकू येईल. मुले मराठी शाळेत, अर्ज मराठीत, भांडण मराठीत, उधारी मराठीत. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून कथा-कविता लिहून आमची माणसे हेच सांगत आली आहेत. साहेबांनी ऐकले नाही, कारण ते बोलायला आले होते.

आणि भाषा बदलली की विषयही बदलतो, हे अधिक गंभीर आहे. उसाचा दर, कालव्याचे पाणी, एस.टी.ची फेरी हे विषय मराठीत होते. ते चौकातच राहिले. हिंदीत आमच्या वाट्याला आले ते कब्रस्तान, शादीखाना आणि भाईचारा. जणू आमच्या विहिरी आटत नाहीत, आमची पोरे एस.टी.ने कॉलेजला जात नाहीत, यंत्रमागाचे वीजबिल आम्हांला येत नाही. भिंतीचे आश्वासन ऐकून खाला म्हणाली होती, ‘जित्या माणसाला नळाला पाणी नाही, आन् मेलेल्याला कंपाउंड.’ मोहल्ल्यातल्या सभेचे हिंदी म्हणजे दुसरी भाषा नाही, दुसरी रांग आहे. त्या रांगेत उभे राहून आम्ही टाळ्या वाजवतो, म्हणून ती दर पाच वर्षांनी लागते.

ह्यावर उपाय मोठा नाही. सभेला जावे, भाषण आवडले तर दादही द्यावी. वक्तृत्व ही कला आहे आणि कलेचा द्वेष करू नये. मात्र जाताना तीन प्रश्न खिशात ठेवावेत. हा ‘आपण’ म्हणतो तेव्हा कोणाकोणाला धरतो? ह्याच्या वाक्यातून कर्ता कुठे नाहीसा होतो? आणि जे इथे बोलला तेच, त्याच भाषेत, शेजारच्या चौकात बोलेल काय? तिसऱ्या प्रश्नाला जो उतरेल त्याचे पुढचे भाषण ऐकायला हरकत नाही. हे प्रश्न हिरव्या शालीच्या सभेत विचारावेत, भगव्या मफलरीच्या सभेत विचारावेत, निळ्या, तिरंगी, सगळ्या सभांत विचारावेत. आणि आमच्याही लेखाला विचारावेत. ह्या लेखात आम्ही ‘आम्ही’ म्हणत आलो, त्यात किती जण खरोखर आहेत आणि किती जणांना आम्ही न विचारता ओढले आहे, हे वाचकांनी तपासावे.

पुढच्या निवडणुकीत तेच साहेब पुन्हा आले. पटांगण तेच, शाल नवी. ‘भाईयों और बहनों’ म्हणताच मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. आमच्याच शाळेत शिकलेली. ती म्हणाली, ‘साहेब, मराठीत बोला ना. आम्हांला समजतं.’ थोडी शांतता झाली. साहेब हसले, ‘बरं, बरं’ म्हणाले आणि मराठीत बोलू लागले. मराठीत आल्याबरोबर त्यांना भाईचारा सुचेना. दोन-तीन वाक्ये अडखळली, आणि मग नाइलाजाने ते पाण्यावर बोलले. कधी नव्हे ते मोहल्ल्याच्या सभेत पाइपलाइनचा विषय निघाला. शेवटाकडे ते पुन्हा हिंदीत घसरले, ही गोष्ट वेगळी. पण मधली सहा-सात मिनिटे ते आमच्याशी जसे चौकात बोलतात तसे बोलले.

खालाने आमच्याकडे वळून पाहिले आणि म्हणाली, ‘येतंय की मास्तर ह्याला.’